मोठ्या गोदामाच्या छताचे पाणी: सायफॉनिक पद्धत घ्यावी की नेहमीचे उभे पाइप?

गोदामकर

नमस्कार. भिवंडीजवळचे आमचे जुने गोदाम पाडून त्याच जागी नवे बांधण्याचे काम सुरू आहे. नवी इमारत १२० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद आहे, म्हणजे छताचे क्षेत्र ९,६०० चौरस मीटर भरते. छत पत्र्याचे असून दोन आढी आणि चार पाखी आहेत. त्यामुळे दोन्ही बाहेरच्या कडांना एकेक पन्हळ येते आणि दोन आढ्यांच्या बरोबर मधोमध, इमारतीच्या पूर्ण लांबीची एक आतली पन्हळ येते. कडेच्या पन्हळींची मला काळजी नाही, कारण त्या उद्या भरून वाहिल्या तरी पाणी बाहेर अंगणात पडेल. मधली पन्हळ मात्र ४,८०० चौरस मीटरचे, म्हणजे निम्म्या छताचे पाणी घेणार आहे आणि तिच्या थेट खाली गिऱ्हाइकांचा माल रॅकवर रचलेला असणार आहे.

जुन्या गोदामात मधल्या प्रत्येक दुसऱ्या खांबाला चिकटून उभा पाइप होता, तो खाली फरशीत उतरून चेंबरला मिळत असे आणि तिथून पाणी जमिनीखालच्या पाइपांतून बाहेर जाई. त्या पाइपांना फोर्कलिफ्टचे धक्के बसत आणि दर पावसाळ्यात एखादे तरी चेंबर गोदामाच्या आत तुंबत असे. हे पुन्हा नको, असे आम्ही पहिल्याच बैठकीत सांगितले होते. त्यावर सल्लागारांनी मधल्या पन्हळीसाठी सायफॉनिक पद्धत सुचवली आहे, म्हणजे पाइप पाण्याने पूर्ण भरून वाहतो आणि खाली पडणारे पाणी मागचे पाणी ओढून नेते. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये पन्हळीत १० आउटलेट, म्हणजे पाणी पाइपात सोडणारी तोंडे आहेत. पाच आउटलेटचे पाणी एका आडव्या पाइपात येते आणि तो पाइप छताखालून सुमारे ६० मीटर जाऊन एका टोकाच्या भिंतीला लागून खाली उतरतो. उरलेल्या पाचांची व्यवस्था दुसऱ्या टोकाला तशीच आहे. आउटलेटपासून बाहेरच्या चेंबरपर्यंतची उंची १२ मीटर आहे आणि शेवटचा पाइप फक्त १६० मिलिमीटरचा आहे. पावसाचा जोर ताशी १०० मिलिमीटर धरला आहे.

माझ्या तीन शंका आहेत. पहिली अशी की, हा ६० मीटरचा आडवा पाइप पूर्ण लेव्हलमध्ये, म्हणजे अजिबात उतार न देता दाखवला आहे. उतार नसताना पाणी पुढे जाते यावर घरात कोणाचाच विश्वास बसत नाही. वडिलांचे म्हणणे असे की, पाण्याला वाट करून द्यायची असते, ते ओढून न्यायचे नसते. दुसरी शंका ठेकेदाराने काढली आहे. तो म्हणतो की १६० ऐवजी सरळ २०० चा पाइप टाकू, चार पैसे जास्त जातील पण निर्धास्त राहाल. हे बरोबर आहे का? आणि तिसरी शंका म्हणजे, पुढे दहा-पंधरा वर्षांनी या सगळ्याची देखभाल आमच्यासारख्यांना झेपेल का? ज्यांनी अशी यंत्रणा बसवली किंवा चालवली आहे त्यांनी कृपया लिहावे.

उताराचा हिशेब

मी पाणीपुरवठा आणि निचऱ्याच्या आराखड्यांचे काम करतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी तुमच्या वडिलांच्या शंकेबद्दल. नेहमीच्या उभ्या पाइपात पाणी फक्त पाइपाच्या आतल्या भिंतीला धरून खाली घसरते आणि मधला भाग हवेने भरलेला असतो. युरोपीय मानकात उभा पाइप जास्तीत जास्त एक तृतीयांश भरलेला धरतात. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेचे कोष्टक तर त्याहून सावध आहे आणि ताशी १०० मिलिमीटर पावसासाठी १०० मिलिमीटरच्या एका पाइपाला ४२ चौरस मीटरच्या आसपासच छत देते. थोडक्यात, नेहमीच्या पद्धतीत आपण पाइपाचे पैसे देतो आणि त्याचा बहुतेक भाग हवेसाठी वापरतो.

सायफॉनिक पद्धतीत हीच हवा बाहेर ठेवली जाते. आउटलेटच्या तोंडावर एक आडवी चकती असते, तिला बॅफल म्हणतात. पन्हळीत पाणी काही सेंटिमीटर चढले की ही चकती पाण्याखाली जाते, पाण्याला भोवरा पडत नाही आणि आत हवा शिरायचे थांबते. मग पाइप पूर्ण भरतो. उभ्या भागातला १२ मीटरचा भरीव पाण्याचा स्तंभ खाली पडू लागला की त्याच्या मागे पोकळी तयार होऊ पाहते आणि ती भरून काढण्यासाठी आडव्या पाइपातले पाणी ओढले जाते. म्हणजे आडव्या पाइपाला लागणारा 'उतार' उभ्या पाइपाच्या उंचीतून मिळतो. रॉकेलच्या पिंपातून नळीने रॉकेल काढताना आधी तोंडाने ओढावे लागे, इथे ते ओढण्याचे काम पावसाचे पाणी स्वतःच करते. तेव्हा वडिलांना सांगा की पाणी शेवटी उंचावरून खालीच जात आहे, फक्त उतार एकाच जागी गोळा केला आहे.

साध्या पावसात, म्हणजे पाणी चकतीपर्यंत चढत नाही तेव्हा, हीच यंत्रणा साध्या पाइपासारखी अर्धवट भरून वाहते. मधल्या जोराच्या पावसात पाण्याचे गोळे आणि हवेचे बुडबुडे आळीपाळीने जातात. तेव्हा पाइपात खदखद ऐकू येते आणि तो थोडा थरथरतो, पण त्यात बिघाड काही नसतो. एडिंबरा येथील हेरियट-वॉट विद्यापीठात जॉन स्वॅफील्ड आणि स्कॉट आर्थर यांनी या प्रवाहांचा बराच अभ्यास केला. आराखडा जरी पूर्ण भरलेल्या पाइपाचा असला तरी यंत्रणेचे बहुतेक आयुष्य या अर्धवट अवस्थेत जाते, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा आहे. म्हणूनच साध्या पावसातही आडव्या पाइपात गाळ बसू नये इतका वेग मिळतो का, हे पाहावे लागते.

आता ठेकेदाराच्या सूचनेबद्दल. कृपया ती मान्य करू नका. 'एक साइज मोठा टाका' हा आपल्याकडचा प्रामाणिक सल्ला बाकी सगळीकडे चालतो, इथे मात्र तो घातक आहे. या यंत्रणेत १२ मीटरची उंची हे जणू भांडवल आहे. पाइपाचे घर्षण, बेंड आणि शेवटी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग यांवर ते पुरेपूर खर्च व्हावे लागते आणि पाचही आउटलेटच्या वाटेत तो खर्च जवळजवळ सारखा यावा लागतो. उभ्या पाइपाजवळच्या आउटलेटची वाट आखूड असते, म्हणून तिथला जोडपाइप मुद्दाम बारीक ठेवतात, आणि सर्वांत दूरच्या आउटलेटचा जोडपाइप मोठा. ड्रॉइंगवर ५६, ७५, ९० असे विचित्र वाटणारे आकार दिसतील ते याच कारणाने. एखादा तुकडा मोठा टाकला तर तिथला विरोध कमी होतो, तो आउटलेट आपल्या वाट्याहून जास्त पाणी ओढतो, त्याच्यासमोरची पन्हळ आधी रिकामी होते आणि तो हवा गिळू लागतो. मग एका आउटलेटमुळे पाचांचाही सायफन तुटतो. आणि मुख्य पाइपच मोठा टाकला तर तो पूर्ण भरायलाच उशीर लागतो. 'बीएस ८४९०' या ब्रिटिश मार्गदर्शक मानकाप्रमाणे पाइप भरून प्रवाह सुरू व्हायला एका मिनिटाहून जास्त वेळ लागू नये, असा दंडक धरतात.

माझी खरी हरकत पावसाच्या ताशी १०० मिलिमीटर या आकड्याला आहे. तुमच्या मधल्या पन्हळीचा हिशेब असा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ४,८०० चौरस मीटरवर ताशी १०० मिलिमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३३ लिटर, म्हणजे प्रत्येक बाजूला ६७. १६० च्या पाइपात हे पाणी सेकंदाला चार मीटरच्या आसपास वेगाने जाईल, त्यामुळे ड्रॉइंग त्या आकड्यापुरते सुसंगत आहे. प्रश्न एवढाच की भिवंडीत छतासाठी १०० पुरतो का? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याची ताशी सरासरी काढली तर ती फक्त ३९ येते आणि फार मोठी वाटत नाही. पण त्याच दिवशी दुपारी एका तासात सुमारे १९० मिलिमीटर पडला होता. पत्र्यावर पडलेले पाणी तर दोन-तीन मिनिटांत पन्हळीत पोचते, म्हणजे छताला तासाच्या सरासरीशीही देणेघेणे नसते, त्याला त्या तासातली सर्वांत वाईट पाच मिनिटे सोसावी लागतात. आतल्या पन्हळीसाठी मी स्वतः ताशी २०० मिलिमीटरच्या खाली उतरणार नाही.

इथे या पद्धतीची सर्वांत अडचणीची बाजू समजून घ्या. साध्या आउटलेटच्या काठावर पाण्याची उंची दुप्पट झाली तर आत जाणारे पाणी सुमारे २.८ पट होते, म्हणजे अंदाज थोडा चुकला तरी पन्हळ सांभाळून घेते. सायफॉनिक यंत्रणेत प्रवाह एकूण उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पन्हळीत १० सेंटिमीटर पाणी जास्त चढले तर उंची १२ मीटरची १२.१ होते आणि प्रवाह वाढतो अर्धा टक्कासुद्धा नाही. ठरवल्याहून जास्त पाऊस आला की पुढचे सगळे पाणी पन्हळीतच साठत जाते. त्यामुळे दोन गोष्टी कराव्या लागतील. पावसाचा आकडा वाढवून संपूर्ण गणित नव्याने करून घ्या. त्यात मुख्य पाइप कदाचित २०० चाच येईल, पण तेव्हा आउटलेटची संख्या आणि सगळे जोडपाइपही बदललेले असतील, आणि ठेकेदाराच्या २०० मध्ये व या २०० मध्ये हाच फरक आहे. दुसरे म्हणजे, जादा पाण्यासाठी स्वतंत्र ओव्हरफ्लो हवा. तुमची पन्हळ १२० मीटरची असल्याने फक्त दोन टोकांना खाच ठेवून भागणार नाही, मधल्या पाण्याला तिथवर पोचायलाच उंची लागेल. काठ पन्हळीच्या तळापासून उचललेले आउटलेट घेऊन त्यांची वेगळी पाइपलाइन करावी आणि ती बाहेरच्या भिंतीवर जमिनीपासून मीटरभर उंच, सगळ्यांना दिसेल अशी उघडी सोडावी. तिथून पाणी पडताना दिसले की मुख्य यंत्रणेत काहीतरी अडकले आहे किंवा पाऊस आराखड्याबाहेरचा आहे, हे वॉचमनलाही कळते.

पान्याचा माणूस

वरचे सगळे पटले. मी पुणे जिल्ह्यातल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात देखभाल पाहतो आणि आमच्या पॅकिंग हॉलवर अशीच यंत्रणा आहे. गोदामकरांचा तिसरा प्रश्न माझ्या वाट्याचा आहे, म्हणून आमच्याकडे घडलेली गोष्ट सविस्तर सांगतो.

पहिली तीन वर्षे काहीही त्रास नव्हता. चौथ्या जुलैत एका दुपारी जोराचा पाऊस सुरू झाला आणि पन्हळ भरून पत्र्याच्या जोडातून पाणी थेट कार्टनच्या थप्प्यांवर पडू लागले. छतावर चढून पाहिले तर पाचही आउटलेट स्वच्छ होते, जाळीवर पानसुद्धा नव्हते, आणि तरी पन्हळीत टाचेच्या वर पाणी उभे होते. पाइप तुंबला असेल म्हणून शेवटचे चेंबर उघडले, तर तिथे पाणी व्यवस्थित येत होते, फक्त धार अर्धवट आणि फेसाळ होती. दोन दिवस आम्ही वरून खाली आणि खालून वर फिरत राहिलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा सर आली तेव्हा आमचा एक फिटर शिडीवर उभा राहून आडव्या पाइपाला कान लावत लावत पुढे सरकत होता. एका जागी त्याला सूं असा बारीक आवाज आला. तिथे मुख्य पाइपाला भोक पाडून ३२ मिलिमीटरची एक नळी सॅडल लावून जोडलेली सापडली. आदल्या उन्हाळ्यात हॉलमध्ये नवे एसी बसवले होते आणि त्यांचे थेंब थेंब पाणी सोडायला जवळच पावसाळी पाइप दिसला म्हणून एसीवाल्याने तो वापरला होता. फिटरने त्या नळीच्या दुसऱ्या, उघड्या तोंडाशी कागदाचा कपटा धरला, तर तो तोंडाला चिकटून बसला. पाऊस पडत असताना ती नळी पाइपात पाणी सोडत नव्हती, हॉलमधली हवा पाइपात ओढून घेत होती.

भोक बंद केले, त्या जागी इलेक्ट्रोफ्यूजन कपलर (विजेच्या उष्णतेने पाइप वितळवून जोडणारा सांधा) लावून तुकडा बदलला आणि पुढच्याच पावसात पन्हळ रिकामी राहिली. एसीवाल्याला मी दोष देत नाही. साध्या पाइपात त्याने तेच केले असते तर काहीच बिघडले नसते, आणि हा पाइप वेगळा आहे असे त्याला सांगणारी एकही खूण आम्ही ठेवली नव्हती. आता दर सहा मीटरवर 'सायफॉनिक पाइप, भोक पाडू नये, काहीही जोडू नये' असे रंगवून घेतले आहे आणि ड्रॉइंगची एक प्रत इलेक्ट्रिकल विभागाच्या भिंतीवरही लावली आहे.

देखभाल म्हणाल तर ती अवघड नाही, पण चुकवून चालत नाही. मृग लागण्याआधी एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी माणूस वर जातो. सर्वांत जास्त त्रास पहिल्या वर्षी होतो, कारण पत्रे बसवताना पडलेले स्क्रू, लोखंडाचा कीस, सिलिकॉनच्या रिकाम्या नळ्या आणि पॅकिंगचे प्लास्टिक हे सगळे पहिल्या पावसात पन्हळीतच येते. नंतर कबुतरांचा उपद्रव असतो. एक छोटी गोष्ट: जाळी आणि चकती साफ करायला काढली की ती परत बसवली आहे ना, हे मोजून खात्री करा. आमच्याकडे एका मुलाने 'पाणी लवकर जाईल' म्हणून एक चकती काढून बाजूला ठेवली होती. चकती नसलेला आउटलेट म्हणजे पुन्हा तेच, हवेला मोकळे दार.

वळचण

एक विरोधी मत नोंदवतो. मधली पन्हळ ठेवायचीच कशाला? ८० मीटर रुंदीवर एकच आढे घेतले आणि दोन्ही पाखी ४०-४० मीटरची ठेवली, तर सगळे पाणी बाहेरच्या कडांना येईल, पागोळ्या अंगणात पडतील आणि ही सगळी चर्चाच संपेल. स्टीलचा खर्च वाढेल, उंचीही वाढेल, हे मान्य. पण मालाच्या डोक्यावर पन्हळ ठेवून मग तिच्यासाठी इतके काटेकोर गणित मांडण्यापेक्षा तो खर्च सोपा.

गोदामकर

आपणा सर्वांचे आभार. वळचण यांची सूचना आम्हीही विचारात घेतली होती, परंतु एकाच आढ्याने मधली उंची जितकी वाढते तितकी आमच्या मंजूर आराखड्यात बसत नाही आणि पाया व खांबांचे काम आता पूर्ण झाले आहे. त्यामुळे मधली पन्हळ राहणार हे नक्की. सल्लागारांना पावसाचा आकडा विचारला तेव्हा त्यांनी तो पुरवठादाराकडून आल्याचे सांगितले, आणि पुरवठादार म्हणतात की तो सल्लागारांनी दिला. हे कालच समजले. आता २०० धरून नवे गणित मागवले आहे.

आणखी दोन प्रश्न विचारतो. बाहेरचे चेंबर रस्त्याकडेच्या नाल्याला जोडलेले आहे आणि मोठ्या पावसात तो नाला काठोकाठ भरतो. त्याचा परिणाम होईल का? आणि पाइप एचडीपीईचाच (उच्च घनतेच्या पॉलिथीन प्लास्टिकचाच) हवा का? ठेकेदाराकडे साधा पीव्हीसी पडून आहे.

रॉटरडॅमचा पाऊस

मी नेदरलँड्समध्ये इमारतींच्या बांधकामावर काम करतो. इकडे मोठी सपाट छते फार आहेत, त्यामुळे ही पद्धत रोजच्या पाहण्यातली आहे. तिचा उगम मात्र उत्तरेकडचा. १९६८ मध्ये फिनलंडचे अभियंते ओलावी एबेलिंग यांनी ती मांडली आणि स्वीडनमार्गे ती युरोपभर पसरली.

आधी पाइपाबद्दल. साधा पीव्हीसी वापरू नका. साध्या पाइपात बाहेर गळती होते का एवढेच पाहतात, इथे आत हवा शिरते का हे पाहावे लागते. उभ्या पाइपाच्या माथ्याशी आतला दाब वातावरणापेक्षा बराच खाली जातो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १०.३ मीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो आणि आराखड्यात ओढ सहसा आठ मीटरच्या आसपासच रोखतात, कारण त्याच्या फार पुढे गेले की पाणी पाइपातच उकळल्यासारखे होऊन बुडबुडे फुटू लागतात. पुण्यासारख्या ५६० मीटर उंचीच्या गावी वातावरणाचाच दाब ९.७ मीटरच्या आसपास असतो, म्हणून तिथे ही मर्यादा आणखी अलीकडे आणावी लागते. भिवंडीला तो प्रश्न नाही. अशा ओढीखाली रबरी रिंगांचे सांधे हवा घेऊ शकतात आणि पातळ भिंतीचा पाइप चपटा होऊ शकतो. वितळवून एकजीव केलेला एचडीपीई किंवा या कामासाठीचे बिडाचे पाइप वापरतात ते त्यामुळेच.

एचडीपीईचा एक दुर्गुण मात्र साइटवर हमखास विसरला जातो. तो तापमानाने फार वाढतो. एका मीटरला एका अंशामागे सुमारे ०.२ मिलिमीटर, म्हणजे तुमचा ६० मीटरचा पाइप पत्र्याखालच्या मे महिन्याच्या उकाड्यात आणि पहिल्या गार सरीत ३० अंशांचा फरक पाहील तेव्हा त्याला ३६ सेंटिमीटर लांब-आखूड व्हायचे असेल. तो नुसता क्लॅम्पने टांगला तर वाकतो आणि आउटलेटचा सांधा ओढतो. म्हणून त्याला समांतर स्टीलची चौकोनी रेल टांगतात, ठरावीक अंतरावर पाइप तिला घट्ट आवळतात आणि तो सगळा ताण रेलमध्ये जिरवतात. कोटेशनमध्ये ही रेल आहे का ते तपासा, कारण पैसे वाचवायचे म्हटले की आधी तीच गळते.

नाल्याचा परिणाम होतो, पण तुम्हाला वाटतो तितका पाइपावर नाही. बाहेरच्या चेंबरमधले पाणी धरलेल्या पातळीपेक्षा दीड मीटर वर चढले, तर १२ मीटरचे भांडवल साडेदहा होते आणि प्रवाह सुमारे साडेसहा टक्के घटतो. गणित त्या चढलेल्या पातळीवर करून घेतले की झाले. खरी अडचण चेंबरची आहे. ताशी २०० मिलिमीटर पाऊस धरला तर प्रत्येक बाजूला सेकंदाला १३० लिटरच्या वर पाणी आणि त्यासोबत सुरुवातीला पाइपातली सगळी हवा एकदम तिथे येते. चेंबरवर साधे बंद झाकण असेल तर ते उचलले जाते. शेवटी पाइप मोठा करून वेग उतरवावा, चेंबर प्रशस्त ठेवावे आणि त्यावर जाळीचे झाकण असावे. चेंबरपासून पुढे सगळी नेहमीची उताराची लाइन आहे आणि तिला हे वाढलेले पाणी झेपते का, हे वेगळे पाहावे लागेल. तो हिशेब पुरवठादाराच्या कक्षेत नसतो, म्हणून कोणीच करत नाही.

उताराचा हिशेब

रॉटरडॅमकरांनी रेलचा मुद्दा काढला ते उत्तम झाले, मी तो विसरलो होतो. दोन भर घालतो.

पन्हळीचे वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरला कळवा. समजा पन्हळ ६० सेंटिमीटर रुंद आहे आणि ओव्हरफ्लो सुरू होईपर्यंत तिच्यात २५ सेंटिमीटर पाणी चढते, तर एका मीटर लांबीला १५० किलो आणि १२० मीटरला १८ टन भार होतो. ओव्हरफ्लोची उंची ठरवताना तो आकडा त्यांच्या हाती असला पाहिजे, नंतर नव्हे.

चाचणीबद्दल पुरवठादार सांगतील की टँकरने पाणी सोडून दाखवू. त्यावर फार विसंबू नका. जुन्या गणितातल्या ६७ लिटरच्या प्रवाहालाही १०,००० लिटरचा टँकर अडीच मिनिटे पुरत नाही, नव्या गणितात तर सव्वा मिनिटातच संपेल, आणि टँकरच्या होजमधून पाणी तितक्या वेगाने वर चढणारही नाही. आउटलेट तात्पुरते बंद करून पन्हळ भरायची आणि मग सगळे एकदम उघडायचे, असे केल्यास पाइप भरून ओढ सुरू होते एवढे दिसते, आणि तेवढेच पाहायचे असते. त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे, खाली तोंड बंद करून पाइप पाण्याने भरून ठेवण्याची गळती-चाचणी. ती पत्र्याखालचे फॉल्स सीलिंग किंवा स्प्रिंकलरचे पाइप बसण्याआधी, सांधे डोळ्यांना दिसत असताना करून घ्या.

आणि काम संपल्यावर प्रत्यक्ष बसलेल्या पाइपांच्या मापांवरून गणित पुन्हा एकदा चालवून मागा. साइटवर खांब आडवा आला म्हणून दोन बेंड वाढलेले असतात, ९० चा तुकडा संपला म्हणून ११० लावलेला असतो. तो कागद सही-शिक्क्यानिशी हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता थांबवता येईल अशी अट आत्ताच करारात घालून ठेवा.

गोदामकर

करारात तशी अट घालायला आजच सांगितले. कोटेशन पुन्हा वाचले, तर त्यात रेलचा उल्लेख खरोखरच नाही, फक्त 'आवश्यक ते क्लॅम्प' असे लिहिले आहे. पुरवठादारांना त्याबद्दल पत्र पाठवले असून नवे गणित आल्यावर आउटलेटची संख्या आणि पाइपांचे आकार इथे लिहीन.